वेठ आणि हजेरी

चैत्री पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी जो कोणी आमच्या येरमाळ्याला आला असेल, त्याने एक दृश्य पाहिलेच असेल. येडेश्वरीची पालखी टेकडीवरून उतरून आमराईकडे निघते. वाटेवर चुन्याचे रान लागते. तेथे पालखीबरोबरची सारी गर्दी एकदम खाली वाकते आणि जमिनीतले चुनखडीचे खडे वेचू लागते. धाराशिव, लातूर, बीड, सोलापूर, पुणे-मुंबई, कोठकोठची माणसे! सोन्याच्या पाटल्या घातलेली बाई वाकलेली असते, तिच्या शेजारी ऊसतोडीहून परतलेली बाई वाकलेली असते, आणि गावच्या राजकारणात ज्यांनी आयुष्यभर मान वाकवली नाही असे दोन-चार पुढारीही वाकलेले असतात. खडे ढिगावर टाकायचे आणि पुढे चालू लागायचे. त्या चुन्याने देवीचे देऊळ रंगवावयाचे, अशी रीत आहे. एवढ्या माणसांनी भर उन्हात केलेल्या या कामाची कोणी हजेरी घेत नाही, मजुरी मागत नाही, आणि ‘हे माझे काम नाही’ असेही कोणी म्हणत नाही.

मी हे आरंभीच सांगतो याचे कारण, गेल्या दिवाळीत आमच्या घरी कामावरून मोठे भांडण झाले. पाडव्याचा दिवस, फराळाची ताटे पुढे, सारी भावंडे पुण्याहून, लातूरहून आलेली. माझा धाकटा भाऊ कडबोळे मोडता मोडता म्हणाला, “हल्लीच्या पोरांना काम नको, हक्क तेवढा हवा.” हा बाण माझ्या नातवासाठी होता. नातू पदवीधर आहे, पुण्यात खोली घेऊन तीन वर्षे स्पर्धापरीक्षांचा अभ्यास करतो, आणि मधल्या वेळात मोर्चाला जातो. तो पटकन म्हणाला, “तुम्हांला तरी नोकरी मिळाली ती काय खड्डे खणून मिळाली?” झाले. सुनांनी ताटे आवरली आणि सर्वांनी माझ्याकडे पाहिले. मी चौतीस वर्षे इतिहास शिकवला. तेव्हा निवाडा मी द्यावा, अशी अपेक्षा.

निवाडा मला त्या दिवशी देता आला नाही, आजही देता येत नाही. परंतु आमच्या घरात कामाकडे कोणी कसे पाहिले, एवढे मात्र मी सांगू शकतो. त्यात थोडा आमच्या मुलखाचा इतिहास येईल आणि थोडी माझी लाजही येईल.

आमचा मुलूख म्हणजे मोगलाई. आजच्या मुलांना हा शब्द समजावून सांगावा लागतो. येथून आठ-दहा कोसांवर बार्शी. बार्शी इंग्रजांची, येरमाळा निजामाचा. ज्वारी दोन्हीकडे तीच, बोलणे तेच. परंतु एका अंगाला एक राज्य आणि दुसऱ्या अंगाला दुसरे. नाही म्हणायला १८५३ साली वऱ्हाडाबरोबर हा नळदुर्ग-धाराशिवाचा भागही इंग्रजांकडे गेला होता, आणि मेडोज टेलरसारखा मराठी मुलखाची आवड असलेला साहेब येथे कारभार पाहात होता. पण १८६० साली तो पुन्हा निजामाला परत मिळाला आणि पुढे अठ्ठ्याऐंशी वर्षे त्याच्याकडेच राहिला.

या सरहद्दीमुळे किती फरक पडला, ते दुष्काळाच्या इतिहासात दिसते. १८७६-७७ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल याने दुष्काळी कामांवरची मजुरी इतकी उतरवली, की दिवसाला रत्तलभर धान्य मिळावे. तेव्हा मुंबई इलाख्यातल्या हजारो मजुरांनी हत्यारे टाकली आणि ते कामावरून उठून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. पुढे १८८० च्या दुष्काळ कमिशनानंतर दुष्काळाचे नियम छापील झाले. १८९६ साली पुन्हा दुष्काळ पडला, तेव्हा लोकमान्य टिळकांनी आणि सभेच्या माणसांनी गावोगाव जाऊन काय केले? त्यांनी लोकांना धर्मादाय मागावयास सांगितले नाही. सरकारच्याच पुस्तकात तुमचा काय हक्क लिहिला आहे, ते मराठीत उतरवून वाचून दाखवले. शेतकऱ्याला सरकारी कायद्याचे कलम दाखवून ‘हे तुझे आहे’ असे सांगणे ही गोष्ट सरकारला इतकी झोंबली, की १८९७ साली त्याने सभेची मान्यताच काढून घेतली. हक्काचे राजकारण आमच्याकडे आज-काल आलेले नाही, ते असे जुने आहे. पण हे सारे बार्शीच्या अलीकडे नव्हते. मोगलाईत सभा भरवावयाची तर परवानगी आणि वर्तमानपत्र काढावयाचे तर परवानगी. आमच्याकडे सरकारचे जे पुस्तक माणसाला माहीत होते, ते म्हणजे पटवाऱ्याचे दप्तर.

माझा आजा या मोगलाईत वाढला. दहा-बारा एकर कोरडवाहू, एक बैलजोडी, एक गाडी. ही गाडीच त्याला नडे. अव्वल तालुकदार म्हणजे आजचा जिल्हाधिकारी, किंवा त्याच्या हाताखालचा कोणी अंमलदार दौऱ्यावर निघाला, की येडशीच्या स्टेशनावर बार्शी लाईटच्या छोट्या गाडीतून सामान उतरायचे. तंबू, खाटा, हंडे, पेट्या, गालिचे. हे सामान पुढच्या मुक्कामाला न्यावयास गाड्या लागत. पटवारी नावे काढी, पाटील सांगावा धाडी, आणि आजा पेरणीत असो की मळणीत, गाडी जुंपून निघे. याला वेठ म्हणत. साहेबाच्या मुक्कामी जळण, दूध, कोंबड्या, कडबा हे गावाने पुरवावयाचे, त्याला रसद म्हणत. पैसे? कागदोपत्री असतही; मधल्या हातांतून ते खाली गळत नसत. आजा सांगे, “बैलाला वैरण आपली, आपली भाकर आपली, आन वरून शिव्या सरकारच्या.” एकदा मृगाच्या पावसात तीन दिवस गाडी वेठीला अडकली आणि वाफसा गेला. त्या वर्षी पेरणी दुबार झाली. हे सांगताना साठ-सत्तर वर्षांचा म्हातारा अजून दात-ओठ खात असे.

मात्र प्रामाणिकपणे सांगावयाचे तर आमच्या आज्याची वेठ वर्षाकाठी दहा-पंधरा दिवसांची. गावकुसाबाहेर जी माणसे राहात, त्यांची वेठ जन्माची. महार-मांगांच्या वतनाविषयी आपण पुस्तकात ‘हक्क’ हा शब्द वाचतो. वतन म्हणजे हक्कच. इनाम जमिनीचा तुकडा आणि खळ्यावरचे बलुते हे त्यांचे पिढीजात येणे. आणि या हक्काच्या बदल्यात? रात्री-बेरात्री सांगावा पोचवावयाचा, अंमलदाराच्या घोड्यापुढे धावावयाचे, सरकारी टपाल न्यावयाचे, मेलेली गुरे ओढावयाची. कामाला मोजमाप नाही, वेळ नाही, नकार नाही. घरातला एक पुरुष आजारी पडला तर दुसऱ्याने उभे राहावयाचे. हक्क या शब्दाच्या पोटात एवढी मोठी गुलामगिरी दडवलेली मी दुसरीकडे पाहिली नाही.

डॉ. आंबेडकरांनी हे ओळखले होते. १९२८ साली त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. ते पास झाले नाही. आणि आमच्या जिल्ह्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की १९४१ च्या फेब्रुवारीत, २२ आणि २३ तारखेला, याच बार्शी लाईटच्या रस्त्यावर असलेल्या कसबे तडवळे या गावी महार-मांग वतनदार परिषद भरली आणि तिला बाबासाहेब स्वतः आले. निजामाच्या हद्दीतल्या एका खेड्यात! आमच्या गावची काही माणसे रात्री चालत तडवळ्याला गेली होती, असे आजा सांगत असे. ती परतली तेव्हा पाटलाने त्यांना विचारले, “काय मिळालं रं तिथं?” एक म्हातारा म्हणाला, “काय न्हाई पाटील, येताना मागं बघून चाललो न्हाई, एवढंच.” आजाला ही गोष्ट फार आवडे, पण तो ती घरातच सांगे, चावडीवर नाही. हाही इतिहासच म्हणावयाचा.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचे राज्य संपले. १९४९ साली जहागिऱ्या गेल्या, १९५० साली कुळांचा कायदा आला, १९५८ च्या कायद्याने मुंबई राज्यात कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली. आणि २६ जानेवारी १९५० पासून देशाला जी घटना लागू झाली, तिच्या तेविसाव्या कलमाने वेठीला बंदी केली. त्या कलमाचा इंग्रजी मसुदा पाहिला तर तेथे ‘बेगार’ हा आपला शब्द जसाच्या तसा आहे. इंग्रजीत त्याला नेमका शब्द सापडला नसावा! मी वर्गात हे कलम शिकवताना दर वर्षी हे सांगत असे, आणि दर वर्षी मुले हसत. मला मात्र आजाची गाडी आठवे.

पण कलम लिहिले गेले म्हणून माणसाच्या मनातले जाते असे नाही. हे मला १९७२ साली समजले.

त्या वर्षीचा दुष्काळ पाहिलेली माणसे आता थोडी उरली. सलग दोन-तीन वर्षे पावसाने ताण दिला होता, पण बाहत्तर साली सारेच कोरडे गेले. विहिरींनी तळ दाखवला, कडब्याच्या गंजी संपल्या, गुरे कवडीमोलाने गेली. अमेरिकेतून आलेला तांबडा मिलो रेशनवर मिळे. त्याची भाकरी थापताना मोडे आणि पोटात दगडासारखी बसे. कामावर लेकरांना सुकडी वाटत. ज्यांनी ती खाल्ली ते आज नातवंडांना तिची चव सांगताना अगदी पक्वान्नाचे वर्णन केल्यासारखे बोलतात. भूक कशालाही चव आणते.

सरकारने कामे काढली. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते, खडी फोडणे. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती. आमच्या गावच्या शिवारातही पाझर तलावाचे काम निघाले. पहिल्या दिवशी गावातली बहुतेक घरे कुदळ-पाटी घेऊन गेली. आमचा आजा गेला नाही. एवढेच नव्हे, त्याने माझ्या आईलाही अडवले. “सरकारी काम हाय. अंगठा दिलास की गेलीस. एकदा नाव दप्तरात आलं की निघत न्हाई.” आईने समजावले, की रोज मिळतो, हप्त्याला पैसे हातात देतात. आजा खदखदून हसला. सरकार माती उचलायला लावते आणि वर पैसे देते, हे सत्तर वर्षांच्या त्या माणसाच्या हिशेबात बसेना. माझे वडील आदल्या वर्षीच वारले होते. घरात आम्ही चार भावंडे. आई आजाचे न ऐकता गेली. असे ती जन्मात प्रथमच वागली.

पहिला हप्ता झाला त्या संध्याकाळी तिने आजाच्या पुढे सोळा रुपये ठेवले. आजाने नोटा उलटसुलट केल्या, दिव्याजवळ धरून पाहिल्या. मग विचारले, “ह्यातलं पाटलाला किती द्याचं?” आई म्हणाली, “काय न्हाई.” “पटवाऱ्याला?” “काय न्हाई मामंजी.” आजा बराच वेळ गप्प बसला. दुसऱ्या दिवशी तो स्वतः कामावर गेला. खणण्याची ताकद नव्हती, म्हणून बायांना पाणी पाजण्याच्या कामावर त्याला लावून घेतले. आपले नाव हजेरीत घेतले की नाही, हे तो रोज दोनदा येऊन विचारी.

कोणाला विचारी? मला. कारण हजेरी मी लिहीत होतो.

आता माझ्या लाजेची गोष्ट येते. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा, अकरावी पास होऊन कॉलेजात गेलेला. सुटीत घरी आलो होतो. शिकलेले पोर म्हणून मला मस्टर लिहिण्याचे काम मिळाले. बाभळीच्या सावलीला पोते अंथरून मी बसे, आणि समोर पन्नास हातांवर माझी आई उन्हात पाटी वाही. हे मला त्या वेळी अगदी स्वाभाविक वाटले. किंबहुना तिने माझ्याजवळ पाणी प्यावयास येऊ नये, आपली ओळख फार दाखवू नये, असेही मला वाटे. आजच्या पोरांना कष्टाची लाज वाटते, असे जे आमचे बंधुराज म्हणाले, त्याची सुरुवात नातवापासून झालेली नाही. ती त्या बाभळीखाली झाली.

आणि एवढ्यावर मी थांबलो नाही. कामावरच्या मुकादमाने एकदा सांगितले, की बायांच्या एका टोळीत दोन नावे जास्त लिही, तुझे पाच रुपये तुला. मी लिहिली. वाचकांना यातली मेख सांगितली पाहिजे. त्या कामावर मजुरी रोजावर नव्हती. खणलेल्या चौकड्यांची लांबी-रुंदी-खोली मोजावयाची, टोळीने किती माती काढली त्याचा पैसा काढावयाचा, आणि तो हजेरीप्रमाणे वाटावयाचा. म्हणजे अठरा बायांनी काढलेल्या मातीचा पैसा वीस नावांत वाटला गेला. सरकारचा एक पैसाही बुडाला नाही. बुडाला तो त्या अठरा जणींचा. मला हे कळत नव्हते असे नाही. मी गणितात हुशार होतो.

वाटपाच्या दिवशी नावे मीच मोठ्याने वाचली. आईला अक्षर येत नव्हते. ती त्याच टोळीत होती. रात्री तिने भाकरी वाढली आणि सहज विचारावे तसे विचारले, “आमी बाया अठरा. तू वाचलंस वीस. त्या दोघी कुठल्या रं?” मी काहीतरी बोललो. ती पुन्हा बोलली नाही. दुसऱ्या हप्त्यापासून ती आमच्या कामावर यावयाची थांबली आणि दीड कोसावर रस्त्याच्या खडीवर जाऊ लागली. पहाटे निघे, अंधार पडता परते. घण मारून मारून तिच्या उजव्या हाताचे एक बोट वाकडे झाले, ते शेवटपर्यंत तसेच होते. ते पाच रुपये मी तिला दिले नाहीत, मुकादमाला परतही केले नाहीत. बार्शीला जाऊन मी एक सिनेमा पाहिला.

याच दुष्काळातून पुढे रोजगार हमी आली. वि. स. पागे हे विधान परिषदेचे सभापती. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात १९६५ च्या सुमारास त्यांनी या कल्पनेचा प्रयोग केला होता. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९७२ साली ही योजना राज्यभर लागू करण्याचे ठरले, १९७७ साली तिचा कायदा झाला, आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. खेड्यातल्या कोणाही प्रौढ माणसाने अर्ज करावा, सरकारने पंधरा दिवसांच्या आत काम द्यावे, न दिल्यास बेकारीभत्ता द्यावा. काम अंगमेहनतीचे, दर बाईला आणि पुरुषाला एक. घटनेच्या एकेचाळिसाव्या कलमात कामाचा हक्क लिहिला आहे, पण तो केवळ मार्गदर्शनापुरता. कोर्टात मागता येत नाही. महाराष्ट्राने त्याला कायद्याचे हातपाय दिले. केंद्राने असा कायदा केला तो २००५ साली, वर्षाला शंभर दिवसांचा. म्हणजे आम्ही जे खडीवर शिकलो, ते दिल्लीला पोचावयास तेहतीस वर्षे लागली. मराठी माणसाला याचा अभिमान वाटावा तितका वाटत नाही. आपल्याला गडांचा वाटतो. त्याला माझी हरकत नाही, पण गडही कोणीतरी चुना कालवूनच बांधले असतील.

पैसा कोठून आणावयाचा? १९७५ साली शहरातल्या आणि पगारदार लोकांवर व्यवसाय कर बसवला, आणि तेवढीच भर सरकारने आपल्याकडून घातली. मी १९७८ साली शिक्षक झालो. पहिल्याच पगारातून या कराचे काही रुपये वजा झाले. शिक्षकांच्या खोलीत यावर रोज चर्चा चाले. “आपण राबायचं आणि त्या फुकट्यांनी बसून खायचं!” असे कोणी म्हणाले, की बाकीचे हसत. मीही हसलो. माझी आई खडीवर होती, हे त्या खोलीत कोणाला ठाऊक नव्हते, आणि सांगावे असे मला वाटले नाही. नोकरीसाठी मात्र आम्ही कमी ओरडलो नव्हतो. १९७४ साली मराठवाडा विकास आंदोलन पेटले. परभणीपासून ठिणगी पडली, विद्यार्थी रस्त्यावर आले, गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखी मुक्तिलढ्यातली वडीलधारी माणसे पाठीशी उभी राहिली. मराठवाड्याच्या नोकऱ्या मराठवाड्याच्या मुलांना मिळाव्यात, रेल्वे रुंद व्हावी, उद्योग यावेत. मागण्या रास्तच होत्या. कॉलेज बंद पाडून मीही घोषणा दिल्या. त्या वेळी माझ्या चुलत्यांनी आईला विचारले होते, “तुजं पोरगं शिकतंय का नुसतं बोंबलतंय?” नेमके हेच परवा पाडव्याला आमचे बंधुराज नातवाविषयी म्हणाले, शब्द तेवढे सभ्य होते.

रोजगार हमीतही पुढे घाण शिरली. खोटी हजेरी, मोजमापात मुरवामुरव, मंत्री आणि अधिकारी यांचे खेळ. मी त्यावर न्यायाधीश होऊन बोलणे शोभणार नाही. पहिली दोन नावे माझ्या हाताने पडली होती. परंतु एवढे सांगतो, की त्या योजनेने आमच्या भागातल्या बायकांचे बोलणे बदलले. माझी आई, जी पाटलापुढे पदर ओढून उभी राहात असे, ती १९८० नंतर तहसिलात चार बायांना घेऊन अर्ज घेऊन जाई आणि पोच घेतल्याशिवाय हलत नसे. ‘पोच’ हा शब्द ती असा उच्चारी, की जणू देवीचा अंगाराच. ती २००९ साली गेली. ट्रंकेत तिच्या लुगड्यांखाली अशा चौदा पोचा निघाल्या.

आता नातवाची पिढी. ‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण यांनी उलटी केली असे आपण म्हणतो. शेती कनिष्ठ कोणी केली, हे मात्र विचारत नाही. दहा एकरांचे आमच्या घरात वाटे होत होत आता नातवाच्या नावावर सव्वा एकर यावयाचे आहे. गावातली त्याच्या वयाची कित्येक मुले मुकादमाची उचल घेऊन जोडीने ऊसतोडीला जातात. सहा महिने कोयता, सहा महिने उधारी. उचल फिटेपर्यंत सुटका नाही. आजा असता तर त्याने याला काय नाव दिले असते, ते सांगावयास नको. यातून निघावयाचा दरवाजा एकच दिसतो, तो सरकारी नोकरीचा, आणि त्या दरवाजाशी लाखांची गर्दी. मग आरक्षण हा शब्द त्यांच्या तोंडी येतो. २०२३ साली जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीपासून जे आंदोलन उठले, त्यात नातू होता. मला त्याचे सारे म्हणणे पटते असे नाही. ज्यांच्या पूर्वजांनी जन्माची वेठ केली त्यांच्या वाट्याचा प्रश्न त्याने मनात धरावा, असे मी त्याला सांगतो. तो म्हणतो, “धरलाय. पण माझं काय, ते पण सांगा ना आजोबा.” येथे माझा इतिहास संपतो.

त्या आंदोलनानंतर निजामाच्या काळातले कागद धुंडाळणे सुरू झाले. न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, जुन्या दप्तरांत ‘कुणबी’ अशा नोंदी शोधल्या जाऊ लागल्या, आणि २ सप्टेंबर २०२५ ला सरकारने हैदराबाद गॅझेटच्या आधारे निर्णय काढला. उर्दू आणि मोडी वाचणाऱ्या म्हाताऱ्यांना अचानक किंमत आली. ज्या दप्तरात नाव जाऊ नये म्हणून आमचा आजा धडपडला, त्याच दप्तरात ते सापडावे म्हणून त्याचा खापरपणतू कचेरीच्या पायऱ्या झिजवू लागला.

या दसऱ्याला तो एक कागद घेऊन आला. गावातल्या एका जुन्या घराच्या माळ्यावर दप्तराचे रुमाल निघाले होते, त्यातला. उर्दूत लिहिलेला, कडा वाळवीने खाल्लेल्या. आम्ही दोघे तो घेऊन कळंबला एका वृद्ध मौलवींकडे गेलो. त्यांनी चष्मा पुसला, बोट ठेवत ठेवत वाचले. आजाचे नाव होते, बापाचे नाव होते, गाव येरमाळा होते. नातू पुढे सरकला. “पुढं काय आहे? जात लिहिलीय का?”

मौलवी म्हणाले, “जात नाही बेटा. गाडी एक, बैल दोन. दौऱ्याची यादी आहे ही. कुणाकडनं गाड्या घ्यायच्या त्याची.”

नातवाचा चेहरा पडला. परतताना एसटीत तो खिडकीबाहेर पाहात बसला. थोड्या वेळाने त्याने मला विचारले, “त्याचे पैसे मिळाले होते का?”

“नाही.”

“कधीच?”

मी त्याला आजाची सारी हकीकत सांगितली. मृगाच्या पावसाची, गेलेल्या वाफशाची. बाभळीखालचीही सांगितली. ती मी आजवर कोणाला सांगितली नव्हती. त्याने काही विचारले नाही. येरमाळ्याच्या फाट्यावर उतरताना त्याने तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला आणि म्हणाला, “पणजीच्या पोचा अजून आहेत ना ट्रंकेत? त्यांच्यात ठेवू.”